चोरटीच्या दारात

वैशाख संपायला आला होता तेव्हा राहीबाई आपल्या मुलाला घेऊन तुळजाच्या दारात आली. अंबाडी नाक्याच्या आतल्या अंगाच्या गावातून दोघं दीड दिवस चालत आली होती. भिवंडीत शिरल्यावर त्यांनी ज्याला विचारलं त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग बंद पडलेल्या लूमच्या एका कारखान्याकडे बोट दाखवलं. चोरटीकडे जायचंय का, असं एकाने स्पष्टच विचारलं. राहीबाईने मान खाली घालून हो म्हटलं. आठ वर्षांपूर्वी ती चोरटी तिची सून होती.

तुळजा कारखान्याच्या ओट्यावर कोयता दगडावर घासत बसली होती. तिने दोघांना ओळखलं, पण उठली नाही आणि बसाही म्हणाली नाही. लडकू, तिचा जुना नवरा, रस्त्यावरच उभा राहिला. त्याला तिने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिला आठवत होता त्यापेक्षा तो बुटका वाटला.

त्यांच्या घरात ती सहा वर्षं नांदली होती. घरचं भात पुरत नव्हतं म्हणून ती मानकोलीकडच्या सहा नंबरच्या गोदामात कामाला जायची. हातात स्कॅनर घेऊन दिवसभर रॅकमधून चालायचं, लोकांनी मागवलेला माल शोधायचा आणि ट्रॉलीत टाकायचा. एके दिवशी तिच्या लाइनमधला एक मोबाईल हरवला. तिची झडती झाली. काही सापडलं नाही, तरी तिला गेटबाहेर काढलं. ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. राहीबाईने तिचं गाठोडं अंगणात आणून ठेवलं आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की आमच्या घराण्यात चोर चालत न्हाय. लडकू तेव्हा पडवीत भाकरी खात होता. त्याने ती संपवली. महिन्याभराने पंचांनी काडीमोड करून दिली.

मग तुळजा भिवंडीत आली आणि एका कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरू लागली. पाच वर्षं ती बारा तासांची ड्युटी करत होती. तीन वर्षांमागे वीज गेली ती आलीच नाही. मग डिझेल संपलं, नोटांना कोणी विचारेनासं झालं, पोलीस वर्दी उतरवून आपापल्या गावी गेले. सरकार नक्की कोणत्या दिवशी गेलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. लूम चालवणारे हजारो लोक उत्तरेकडे पायी निघाले. कारखान्याचा मालक तर कामगारांच्याही आधी पळाला होता. तुळजा त्या रिकाम्या कारखान्यात राहिली आणि चोऱ्या करू लागली. नाव तर आधीच लागलेलं होतं.

ती काम चोख करायची. कुणाशी भागीदारी करत नव्हती, कुणाला दाराच्या आत घेत नव्हती, आणि आज कुठे जाणार हे उद्यासुद्धा सांगत नव्हती. ज्यांच्याकडून ती वस्तू चोरायची त्यांचा तिला तिरस्कार होता आणि जे तिच्याकडून त्या घ्यायचे त्यांचा त्याहून जास्त. तिच्या दारात येणारी माणसं माल घेताना तिच्याकडे बघत नसत. घरी जाऊन मात्र तिच्याच ताडपत्रीखाली झोपत आणि तिच्याच काड्यांनी चूल पेटवत.

राहीबाई ओट्याच्या पायरीशी टेकली आणि बोलू लागली. मागच्या साली समितीची माणसं गावात आली होती. चोर-दरोडेखोरांपासून राखण करतो म्हणून त्यांनी घरटी निम्मं भात नेलं. उरलेलं उन्हाळ्यापर्यंतही पुरलं नाही. पोरं रडायला लागली तेव्हा लोकांनी बियाण्याचं भात कांडून खाल्लं. आता रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजून झाले होते, पाऊस तीन आठवड्यांवर आला होता आणि गावात पेरायला मूठभर बी नव्हतं. बी होतं ते सहा नंबरच्या गोदामात, समितीच्या ताब्यात.

ही समिती म्हणजे कोन गावचा हिरामणशेठ. गोदामं ज्या जमिनीवर उभी होती त्यातली बरीच त्याची. कंपन्यांचे लोक निघून गेल्यावर त्याने जाहीर केलं, की जमीन माझी तर जमिनीवरचंही माझं. मग वीसेक माणसं लाठ्या देऊन उभी केली, तिला संरक्षण समिती असं नाव दिलं आणि स्वतः अध्यक्ष झाला. आता तो बी देत होता, पण शेत लिहून घेऊन. पिशवीमागे वावर जात होतं. कागदावर अंगठा उठवायचा, पिशवी घ्यायची, आणि पुढच्या सालापासून आपल्याच शेतात त्याचं कूळ म्हणून राबायचं. चार गावांतल्या निम्म्या लोकांनी अंगठे दिले होते.

"तुला त्या गोदामातली सगळी वाट ठावी हाय," राहीबाई म्हणाली. "आमाला बी काढून दे गो."

तुळजाने कोयत्याची धार अंगठ्यावर पाहिली.

"म्हणजे चोर पायजे तुमाला," ती म्हणाली. "तवा एक होती घरात. तिला काढलीत."

राहीबाईने डोळ्याला पदर लावला. तुळजाला ते रडणं पाहवेना. दया येत होती म्हणून नव्हे. रडून काम होतं हे राहीबाईला जन्मभर ठाऊक होतं, आणि ते तुळजालाही ठाऊक होतं. तिने आपली अट सांगितली. निघेल त्यातलं निम्मं बी माझं. आणि लडकू माझ्याबरोबर आत येणार. पिशव्या तोच वाहणार.

राहीबाईचं रडणं तिथेच थांबलं. तो साधा माणूस हाय, त्याला असलं जमायचं न्हाय, सापडला तर मारतील, असं ती म्हणू लागली. तुळजा उठून आत जायला वळली. तेव्हा रस्त्यावरून लडकू पहिल्यांदा बोलला. येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते निघाले. रात्री चोरी करतात ते नवशिके, असं तुळजाचं मत होतं. रात्री पहारा जागा असतो, वाऱ्यावर आवाज पोचतो. वैशाखातल्या दुपारी दोन वाजता मात्र पत्र्याच्या गोदामाजवळ कुत्रंसुद्धा फिरकत नाही. गेटवरचा समितीचा पहारेकरी चांगदेव आणि त्याचे जोडीदार वडाच्या सावलीत आडवे झालेले असायचे. गोदामाच्या मागच्या भिंतीत मोठा पंखा बसवण्याचं भोक होतं. त्याची पाती तिने मागेच खोलून ठेवली होती. सुताचे पदर वळून केलेला दोर तिच्याजवळ होता. मातीच्या ढिगावरून चढून तिने तो भोकाच्या कडेला बांधला आणि दोघं आत उतरली.

आत नुसती भट्टी पेटल्यासारखं होतं. छताच्या एकदोन पारदर्शक पत्र्यांतून तेवढा उजेड येत होता. लडकू तोंड उघडं टाकून वर बघत राहिला. तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी पोचणार नाहीत एवढे उंच रॅक होते. बहुतेक माल तसाच पडून होता, कारण तो कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. कुत्र्यांना अंघोळ घालायचे साबण, जागच्या जागी धावायची यंत्रं, वाढदिवसाच्या टोप्या, भिंतीवर चिकटवायची प्लास्टिकची फुलं. या असल्या वस्तू वेळेत पोचाव्यात म्हणून तिने पायांना फोड येईपर्यंत चालून काढलं होतं. एक मिनिट उशीर झाला तर नाव पुकारायचे. ज्यांनी त्या मागवल्या ते आता कुठे असतील याचा ती कधीमधी विचार करायची. ते उपाशी असतील तर तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

भाताच्या पिशव्या चौदाव्या ओळीत होत्या. खालच्या फळ्यांवरच्या समितीने केव्हाच नेल्या होत्या. वरच्या, अगदी छताखालच्या फळीपर्यंत त्यांना पोचता आलं नव्हतं, कारण माल उतरवायची गाडी डिझेलवाचून बंद होती आणि एवढं चढायची छाती कुणात नव्हती. तुळजा चढली. रॅकचं लोखंड हाताला चटके देत होतं म्हणून तिने तळव्यांना कापड गुंडाळलं होतं. वरून तिने दुसऱ्या दोराला बांधून एकेक पिशवी सोडली. लडकू ती खाली घेत होता. दहा पिशव्या झाल्यावर ती उतरली आणि दोघं घाम पुसत बसली.

तेव्हा लडकू म्हणाला, की त्याला एक सांगायचंय.

तो मोबाईल सापडला होता. तिला घराबाहेर काढल्यानंतर पंधरा दिवसांनी. रॅकच्या खाली सरकून पडला होता. सुपरवायझर मनोज स्वतः मोटरसायकल घेऊन गावात आला होता. चूक झाली, तुळजाला परत कामावर पाठवा, असं सांगायला. आयने त्याला सांगितलं, की ती कुठे गेली ते ठाऊक न्हाय. आणि कुणाला बोलू नको म्हणून लडकूला शपथ घातली. पंच बसायचे होते. गावात तोंड कसं दाखवायचं, असं ती म्हणाली होती.

"आणि तू?" तुळजाने विचारलं.

"मी काय बोलणार होतो आयपुढं," लडकू म्हणाला.

तुळजा उठली. दोर धरून भिंतीवर चढली, भोकातून बाहेर पडली आणि दोर वर ओढून घेतला. लडकूने खालून तिचं नाव एकदा दबक्या आवाजात घेतलं. मोठ्याने ओरडायची सोय नव्हती. ती ढिगावरून उतरली आणि बाभळीच्या तुटक सावलीत जाऊन बसली. आठ वर्षं तिला वाटत होतं, की या लोकांनी तिच्यावर अविश्वास दाखवला. आता कळलं की विश्वास-अविश्वासाचा प्रश्नच नव्हता. खरं काय ते त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते भाकरीबरोबर गिळून टाकलं होतं. तिला राग यायला हवा होता. पण एवढ्या क्षुद्र माणसांच्या घरात आपण सहा वर्षं पाणी भरलं याची तिला शिसारी आली, बाकी काही नाही.

बऱ्याच वेळाने तिने दोर परत आत सोडला. लडकूने एकेक करून दहाही पिशव्या बांधून दिल्या आणि शेवटी स्वतः वर आला. त्याचे ओठ सुकून फुटले होते. मला ठेवून जाशील असं वाटलं, असं तो म्हणाला.

"बी तुझ्याजवळ होतं," ती म्हणाली.

लडकूने खेपा करून सगळ्या पिशव्या कारखान्यात आणल्यावर राहीबाईने त्यांना हात लावून कपाळाला लावला आणि लगेच निघायची घाई केली. तुळजाने एक पिशवी फोडली. चार दाणे तोंडात टाकून चावले, मग हुंगले, आणि तिचा चेहरा बदलला. तीही कुणबिणीची पोर होती. तीन उन्हाळे हे बी तापत्या पत्र्याखाली भाजत पडलं होतं. तिने शंभर दाणे मोजले, ओल्या फडक्यात बांधले आणि ते कारखान्याच्या गारव्याला ठेवलं. चार दिवस थांबा म्हणाली. मायलेक ओट्यावर थांबली. तिने त्यांना पाणी दिलं. अंथरायला काही दिलं नाही.

पाचव्या दिवशी फडकं सोडलं तेव्हा सात दाण्यांना मोड होते. बाकीचे मऊ पडून काळवंडले होते. तिने दुसऱ्या पिशवीतले, मग तिसरीतले दाणे घातले होते, त्यांचीही तीच गत. राहीबाई काळे दाणे पुन्हापुन्हा चिवडून बघू लागली.

तुळजा मात्र वेगळ्याच गोष्टीचा विचार करत होती. खालच्या फळीवरचं बी जरा बरं असेल, पण तेही याच गोदामातलं, याच वयाचं. म्हणजे हिरामणशेठ मेलेल्या बियाण्याच्या बदल्यात लोकांच्या जमिनी घेत होता. तिने आयुष्यात पुष्कळ चोर पाहिले होते, पण असला हलका चोर पाहिला नव्हता. चोराने निदान घरातून काहीतरी उचलून न्यावं, स्वतःच्या पाठीवर वाहावं. याने लोकांना स्वतःच्या पायांनी चालत आणलं होतं, रांगेत उभं केलं होतं आणि वर शेठ म्हणवून घेतलं होतं. आपण कोनला का जातोय हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या माणसाचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं, एवढंच.

अंगठे घेण्याचा दिवस शुक्रवार. कोनच्या नाक्यावर हिरामणशेठच्या घरापुढच्या मांडवात सकाळपासून दीड-दोनशे माणसं जमली होती. शेठ खुर्चीत बसला होता, मागे दोन बंदूकवाले उभे होते. त्या बंदुकांत काडतुसं नाहीत हे तुळजाला पक्कं ठाऊक होतं. शेवटची पेटी तिनेच चोरली होती. मागून आलेल्या मायलेकांना गर्दीच्या कडेला सोडून ती सरळ मांडवात शिरली. चोरटी आली, चोरटी आली अशी कुजबुज झाली. बायकांनी आपापली गाठोडी जवळ ओढली. तिने ते पाहिलं आणि तिला हसू आलं.

तिने टेबलावर तिन्ही फडकी उलगडून ठेवली आणि लोकांना जवळ येऊन बघायला सांगितलं. गोदामातलं बी आहे, शंभरात सात रुजलं, असं तिने एका दमात सांगितलं. ज्यांनी आधीच पिशव्या नेल्यात त्यांनी घरी जाऊन करून पाहावं. एक म्हातारा पुढे झाला, त्याने दाणा चिमटीत दाबला. त्यातून पाणी निघालं. त्याने तो शेजारच्याला दाखवला.

हिरामणशेठ उठला. ही बाई चोर आहे, हिच्या बोलण्यावर काय जाता, हे बी हिने चोरलेलं आहे, असं तो म्हणाला.

"चोरलंय," तुळजा म्हणाली. "म्हणून तर दाखवाया आणलं. शेठ, तुमी सोताच्या शेतात कुठलं बी पेरता?"

गेटवरचा चांगदेव बाजूला लाठी घेऊन उभा होता. त्याच्या सख्ख्या भावाने मागच्या शुक्रवारी अंगठा दिला होता. चांगदेवने नकळत शेठच्या घराच्या मागच्या पडवीकडे पाहिलं, आणि त्याची नजर कुठे गेली ते सगळ्यांनी पाहिलं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. लोक मांडवाचे बांबू उपटून घराकडे धावले. बंदूकवाल्यांनी बंदुका टाकल्या. मागच्या पडवीत तीन मोठ्या कणग्या होत्या, शेणाने लिंपून बंद केलेल्या, मागच्या हंगामातल्या घरच्या भाताने भरलेल्या. गावागावांतून राखणीच्या नावाने नेलेलं भातही त्यातच होतं. ज्या माणसांनी जन्मात दुसऱ्याच्या झाडाचा आंबा तोडला नव्हता ती आता एकमेकांना कोपराने ढकलत होती. कुणी टोपल्या भरत होतं, कुणी लुगड्याच्या ओच्यात ओतत होतं, निम्मं भात पायाखाली सांडत होतं. दोन भाऊ एका टोपलीवरून हातघाईवर आले. कुणीतरी शेठच्या घरातली भांडी बाहेर काढायला सुरुवात केली. तुळजा दारात उभी राहून बघत होती. साव माणसांना चोरीसुद्धा करता येत नाही, असं तिच्या मनात आलं. या हिशेबाने निम्मी गावं आज ढीगभर नेणार होती आणि निम्मी रिकाम्या हाताने परत जाणार होती.

ती कणग्यांपुढे गेली आणि कोयता उपसून उभी राहिली. घरटी एक टोपली, असं तिने सांगितलं. ज्याला दुसरी पाहिजे त्याने माझ्याकडे मागावी. कुणी मागितली नाही. त्यांनी कधी एकमेकांचं ऐकलं नव्हतं, देवाचं ऐकलं नव्हतं, पण चोरटीच्या कोयत्याचं ऐकलं. रांग लागली. चांगदेव लाठी टाकून टोपल्या भरू लागला. तिन्ही कणग्या संपेपर्यंत ती उभी होती. समोरून जाणाऱ्या एकेक तोंडाकडे ती बघत होती आणि त्यातलं एकही तिला आवडलं नाही.

राहीबाईची पाळी आली. टोपली भरून झाली तरी ती हलेना. रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल एवढा आवाज तिने काढला.

"तुळजा, त्या मोबाईलचं मी तवा..."

"फुडं सर," तुळजा म्हणाली. "मागं लोक उभे हायत."

राहीबाई पुढे सरली. लडकूने टोपली डोक्यावर घेतली आणि दोघं कल्याणच्या रस्त्याला पाठ करून चालू लागली.

हिरामणशेठ त्याच संध्याकाळी बायकोमुलांना घेऊन मेहुण्याकडे गेला. अंगठ्यांचे कागद लोकांनी मांडवातच जाळले. समितीतली काही माणसं तुळजाला शोधत भिवंडीत आली, पण ती तोवर निघून गेली होती. शेठची सायकल घेऊन ती खारबावला पोचली आणि ओस पडलेल्या स्टेशनाच्या तिकीटखिडकीमागच्या खोलीत राहू लागली. खाडीतून होड्यांनी मीठ येत होतं. त्यातलं काही ती न विचारता उतरवून घ्यायची.

पाऊस वेळेवर आला. भात चांगलं पिकलं. दिवाळी उलटल्यावर लडकू तिचा पत्ता काढत खारबावला आला. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं होतं. आयने घरोघरचा तांदूळ जमवून पाठवलाय, गावाने ठरवलंय तू परत यावंस, जुनं घर तुला देणार, असं तो खिडकीबाहेर उभा राहून सांगत होता. तिने त्याला पुरतं बोलू दिलं. मग गाठोडं फलाटावर ठेवून जायला सांगितलं. येशील का, असं त्याने विचारलं. तिने पुन्हा फलाटाकडे बोट केलं, आणि गाठोडं ठेवून तो रूळांच्या कडेने परत निघाला.

तो दिसेनासा झाल्यावर तिने गाठोडं आत घेतलं आणि चूल पेटवली. भात मऊ झाला होता, वासही चांगला होता. तिसऱ्या घासाला दाताखाली खडा आला, मग आणखी एक. गावभराने मिळून तांदूळ पाठवला होता, पण निवडायला कुणी बसलं नव्हतं. तिने खडे थुंकले आणि उरलेला तांदूळ सुपात घेऊन स्वतः निवडायला बसली.